दादांशी बोलणाऱ्या रत्नामॅडम

कुसगावच्या एका हॉटेलच्या मागच्या अंगणात चादरी वाळत घालणारे अशोकदादा जन्मापासून बहिरे आहेत. ते शाळेत गेले नाहीत, त्यामुळे बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवतात ती हातांची भाषा त्यांना येत नाही. त्यांची स्वतःची एक भाषा आहे. ती त्यांनी आणि त्यांच्या आईने चुलीपुढे बसून, जशी गरज पडेल तशी, तयार केली. पुढे धाकटी बहीण झाली आणि ती त्या भाषेतच वाढली. वडील लवकर गेले, मग आई गेली. त्यानंतर दादा काय म्हणतात ते पूर्ण समजणारं माणूस जगात एकच उरलं होतं. ती ही बहीण, म्हणजे आमच्या रत्नामॅडम.

मॅडम मुलांच्या आणि मोठ्यांच्या वाचा, भाषा आणि ऐकण्याच्या अडचणींवर संशोधन करत. नोकरी पुण्यातल्या एका संस्थेत होती, पण कुसगावचं घर त्यांनी सोडलं नाही; दादा हॉटेलच्याच आवारातल्या एका खोलीत राहत. मावळातल्या गावांत जाऊन तपासणी करायचं काम त्यांनी काढलं, तेव्हा त्यांना बरोबर फिरणारी मदतनीस हवी होती. मी वराळ्याची. वडील कंपनीत कंत्राटी कामाला, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि त्या पदवीचं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी अर्ज केला. मुलाखतीला जाताना सामान्यज्ञानाचं पुस्तक पाठ करून गेले होते.

मॅडमनी विचारलं, "तुमच्या घरात सगळ्यात कमी कोण बोलतं?"

मी म्हटलं, "वडील."

"त्यांना काय हवंय ते कुणाला कळतं?"

"आईला."

"मग हे काम तुला समजेल," त्या म्हणाल्या, आणि मुलाखत संपली. आज मी जी काही आहे ती त्या दोन प्रश्नांमुळे आहे, असं मला अजून वाटतं.

मॅडम ठेंगण्या होत्या. सुती साडी, खाली पळायचे बूट, केस मानेपर्यंत कापलेले. अंगाच्या मानाने हात मोठे. हातात बांगडी नाही, अंगठी नाही. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बायका बांगड्या नसण्याचा संबंध त्याच्याशी लावत. मॅडम सांगायच्या, "बोलताना आड येतं." त्या कुणालाही पाठीमागून हाक मारत नसत. ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलायचं असलं तरी वळसा घालून समोर येत. ऑफिसात आम्हाला बोलवायचं असलं की दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करत. लाइटबिल तपासणाऱ्या कारकुनाने एकदा ते पाहून वायरिंग तपासायला माणूस बोलावला होता.

आणि 'खुणा' हा शब्द त्यांना खपत नसे. "दादा खुणा करत नाही. दादा बोलतो." गावातली जुनी माणसं दादांना 'मुका' म्हणत, तेव्हा त्या भांडत नसत. फक्त म्हणत, "तुमच्याशी बोलत नसेल."

गावात तपासणीला गेलो की पहिला प्रसंग ठरलेला असे. आई किंवा आजी पोराच्या मागे स्टीलची थाळी बडवून दाखवी. "बगा, वळतंय की! ऐकू येतंय त्याला." मॅडम शांतपणे थाळी काढून घेत आणि सांगत, की थाळीचा दणका जमिनीतून पायाला कळतो, हवा मानेला लागते, आजीची सावली हलते. पोर हुशार आहे, ते या सगळ्याने वळतं. कानाचं अजून काहीच कळलेलं नाही. हे सांगताना त्या पोराची हुशारी आधी सांगत, कानाचं नंतर.

पवनेकाठच्या एका शाळेत एका मुलाला 'ह नीट येत नाही, होतोला व्हतो म्हणतो' म्हणून तपासणीला बसवलं होतं. शिक्षक नवीन होते, शहरातून आलेले, आणि त्यांची कळकळ खरी होती. मॅडमनी मुलाशी गप्पा मारल्या, मग त्याच्या आजीला विचारलं, "आजी, तुमी काल कुटं गेलता?" आजी म्हणाली, "आमी व्हय? आमी हितंच व्हतो की." मॅडमनी शिक्षकांकडे पाहिलं. शिक्षक लाजले आणि हसले. मॅडम म्हणाल्या, "पोराची वाचा स्वच्छ आहे, सर. आपली तपासणी पुण्यात तयार झाली आहे, एवढंच." मग परत येताना जीपमध्ये मला म्हणाल्या, "मलाही एका गुरुजींनी असंच मंद ठरवलं होतं. मी पहिलीत गेले तेव्हा तोंडाने बोलतच नव्हते. घरी कधी गरजच पडली नव्हती. लोक आईला म्हणायचे, हिचंही तसंच दिसतंय. आईने मला राघूने चोचावलेले पेरू खायला घातले. बोलायला लागले ते पेरूमुळे, असं ती शेवटपर्यंत सांगायची."

त्यांचं कसब मला खरं कळलं ते तिकोणा पेठेत. तिथे एका आजींना झटका आल्यापासून वाचा गेली होती. समोरची वस्तू ओळखायच्या, पण नाव ओठावर येत नसे. आमच्या तपासणीत घरच्या माणसांचे फोटो दाखवून नावं विचारायची होती. मी नवऱ्याचा, आबांचा, फोटो पुढे केला. आजींनी मान खाली घातली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी फुली मारली.

मॅडम म्हणाल्या, "ती फुली खोड."

"पण त्यांना सांगता आलं नाही."

"त्यांनी जन्मात कधी सांगितलंय का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की साठ वर्षांच्या संसारात या बाईने नवऱ्याला नावाने हाक मारलेली नाही. 'अवो' आणि 'घरधनी' एवढ्यावर संसार झाला होता. जे नाव कधी घेतलंच नाही, ते गेलं की राहिलं हे या प्रश्नाने कळणारच नव्हतं. मॅडमनी आबांना जवळ बोलावलं. "आबा, लग्नात नाव घेतलं असेल ना यांनी? आठवतंय का काही?"

आबा कोपऱ्यात खुरपं घासत बसले होते. ते म्हणाले, "आता ह्या वयात काय मॅडम!" सुना हसायला लागल्या. मग खुरप्याकडेच बघत ते पुटपुटले, "पवनेच्या पाण्यात…"

आजींची मान वर झाली. आणि गेले कित्येक महिने पाणी सुद्धा मागता न आलेल्या त्या बाईने एका दमात म्हटलं, "पवनेच्या पाण्यात पडली तिकोण्याची सावली, बबनरावांच्या घरी मला सासू मिळाली माऊली."

आबा उठून बाहेर गेले. मी आजींना लगेच म्हटलं, पुन्हा म्हणा, आणि त्यांना ते पुन्हा आलं नाही. ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं. मॅडमनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांब. त्यांना वेळ दे." नंतर आम्ही त्या घरी बरेच दिवस गेलो. उखाण्यापासून सुरुवात करून मॅडमनी आजींना 'पाणी' पर्यंत आणलं. त्यापुढे फार जमलं नाही. सगळं परत येतं, असं मॅडमनी कधी कुणाला खोटं सांगितलं नाही.

पण लहान मुलांच्या आयांशी त्या कठोर असत. आमच्या वराळ्यातच एक चार वर्षांचा मुलगा होता. कानाला यंत्र लावलं होतं, तरी बोलत नव्हता. आई इतकी जपणारी, की त्याने नुसतं माठाकडे पाहिलं तरी तांब्या पुढे यायचा. मॅडमनी बिस्किटं घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवली, बरणी त्याच्यापुढे ठेवली आणि आईला सांगितलं, जागची हलू नकोस. पोर बरणीशी झटापट करून रडायला लागलं. आईही रडायला लागली. शेवटी ते आईपाशी आलं, तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि म्हणालं, "दे."

आई पोराला पोटाशी धरून म्हणाली, "लय कठोर हाईसा तुमी, मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "आज तू आहेस. उद्या त्याला दुकानात जायचंय, शाळेत जायचंय. तिथे त्याच्या डोळ्यांतलं कोण ओळखणार?"

आता दादांविषयी. दादांच्या भाषेत प्रत्येकाला नाव होतं. आई म्हणजे कमरेला खोचलेला पदर. वडील रेल्वेत गँगमन होते, म्हणून ते म्हणजे रुळावर पडणारा हातोडा. मॅडम म्हणजे दोन्ही कानांमागून ओढलेल्या दोन वेण्या. केस कापून वर्षं झाली तरी नाव वेण्यांचंच. मी तपासणीच्या यंत्राची पिशवी गळ्यात तिरकी अडकवायची, म्हणून माझं नाव छातीवरचा तिरका पट्टा. शिक्षण, नोकरी, कागद, पुस्तक या सगळ्याला मिळून एकच शब्द होता. घरातल्या भिंतीवर तसबीर होती, तिच्यातला चष्मा आणि कोटाच्या खिशातलं पेन. शनिवार-रविवार म्हणजे फोटो काढणारे पाहुणे. सोमवार म्हणजे दोन्ही हातांत न मावणारा चादरींचा ढीग. वर्ष म्हणजे डोक्यावर घेतलेलं इरलं, एक पावसाळा.

हॉटेलात त्यांच्या जोडीला सखूमावशी होत्या. चादरी दोघांनी मिळून पिळायच्या आणि घड्या घालायच्या. मावशी मिश्री लावायच्या, त्यामुळे त्यांचं नाव दातांवर घासलेलं बोट. मावशींना ते अजिबात आवडत नसे. "मॅडम, सांगा तुमच्या दादाला. माझं दुसरं कायबी नाव ठिवा म्हनावं."

हे बोलणं व्हिडिओ कॉलवर चालायचं. दादांचं आणि मावशींचं काही अडलं, की दादा मोबाइलवर बहिणीच्या फोटोवर बोट ठेवायचे. मॅडम कुठेही असोत, गावात तपासणी चालू असो की पुण्यात बैठक, फोन समोर टेकवून ठेवायच्या, दादांचं बघायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, "मावशी, तो म्हणतोय साबण बदललाय, हात चुरचुरतात."

"आत्ता बया! सकाळधरनं ह्येच म्हनत व्हता व्हय! मला वाटलं, मलाच हात धू म्हनतोय."

मॅनेजरला काही सांगायचं तरी तोच फोन, दाढी करणाऱ्याकडे तोच फोन, डॉक्टरकडेही तोच. दादा साठीचे झाले तरी त्यांचं जगाशी सगळं बोलणं त्या एका फोनमधून जात होतं, आणि सगळ्यांना ती फार सोयीची गोष्ट वाटत होती.

मग मॅडमना पोटाचा कर्करोग निघाला. खूप पसरल्यावर कळलं. रिपोर्ट घेऊन त्या सरळ ऑफिसात आल्या, खुर्चीत बसल्या आणि आम्हाला सगळं सांगितलं, एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "माझं डॉक्टर बघतील. दादाशी कोण बोलणार, ते आपल्याला बघायचंय."

पहिला उपाय त्यांना संशोधक म्हणून सुचला. पुण्याहून हातांची प्रमाण भाषा शिकवणारे एक तरुण शिक्षक आणले. फार चांगला मुलगा होता. दादांनी त्याला चहा दिला, त्याच्या बोटांकडे बराच वेळ आदराने पाहिलं, मग मॅडमना म्हणाले, हा फोटोवाल्या पाहुण्यांचं बोलतो. आणि बसल्या जागी झोपून गेले. साठ वर्षं एका भाषेत जगलेल्या माणसाला दुसरी घे म्हणणं सोपं नव्हतं.

मग मॅडमनी दादांचं सगळं बोलणं चित्रित करायचं ठरवलं. दादांना विचारलं, दाखवलं, त्यांनी खुशीने मान डोलावली. दुपारी काम कमी असलं की मी कॅमेरा लावायची. दादा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. हॉटेलच्या मागे बिबट्या आला होता त्याची गोष्ट, वडिलांनी जमिनीला हात लावायला लावून गाडी कशी 'दाखवली' त्याची गोष्ट, सेल्फी काढताना बायका ओठ कसे करतात त्याची नक्कल. मॅडम विचारायच्या, दादा सांगायचे, मी नोंद करायची. मॅडमचे केस गेले, डोक्याला रुमाल आला, तरी काम थांबलं नाही. त्या भाषेवर कुणी इतकं बारकाईने काम केलं नसेल.

असे काही महिने गेल्यावर एके दिवशी त्या पडद्यावर दादांकडे बघत म्हणाल्या, "मनीषा, हे छान झालंय. पण दादाने याला काही विचारलं, तर हे त्याला उत्तर देणार नाही."

त्याच सुमारास पुण्यात इस्पितळात त्यांचा एक पूर्ण दिवस मोडला आणि फोन बंद राहिला. परत येताना आम्ही घाबरतच हॉटेलवर गेलो. दादा चादरी मोजत होते, त्यांनी नुसती मान हलवली. मावशी मात्र सांगायला अधीर झाल्या होत्या.

"मॅडम, आज लय भांडलो आमी."

"भांडलात? कसं?"

"कसं म्हंजे? त्यानं हात नाचिवलं, मी बी नाचिवलं. त्यो म्हनला, चिमटं तू नेलं. मी म्हनलं, मी कशाला नेऊ? त्यो म्हनला, पिशवी दाव. तुमचा दादा लय भांडकुदळ बगा. तोंड न्हाई तरी ऐकत न्हाई!"

"मग?"

"मग काय. पिशवीतच गावलं."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पोट धरून पायरीवर बसावं लागलं. रिक्षात मात्र त्यांचं हसू ओसरलं. घर जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "सगळ्या मावळातल्या आयांना सांगत फिरले, तांब्या पुढे करू नका. आणि मी? जन्मभर दादाचा तांब्या मीच पुढे केला. कुणाला कशाला शिकावं लागेल त्याचं बोलणं?"

मी म्हटलं, "तुम्ही प्रेमाने केलंत, मॅडम."

"त्या वराळ्याच्या बाईने काय रागाने केलं होतं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दादांचा फोन घेणं बंद केलं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या घरी होते. फोन टेबलावर थरथरला. पडद्यावर दादांचा इस्त्रीच्या शर्टातला फोटो. मॅडम उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. थरथरत टेबलाच्या कडेला आला. मी धरायला गेले, तर आतून आवाज आला, "राहू दे." फोन खाली पडला आणि फरशीवर पालथा वाजत राहिला. आत नळ चालूच होता. आधी त्यांनी मावशींना तेवढं कळवून ठेवलं होतं, की मी आता मध्ये बोलणार नाही, तुम्हीच बघा. मावशी म्हणाल्या होत्या, "मला काय येतंय मॅडम! तुमी हाईसा म्हनून चाललंय."

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी दादा स्वतः चालत मॅडमच्या घरी आले. दारात चपला भिरकावल्या. मॅडम समोर येऊन हात उचलणार, तोच त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला आधी कळलं नाही. मॅडम हळू म्हणाल्या, "लहानपणापासूनचं आहे. रागावला की डोळे मिटतो. मग त्याला कुणी काही सांगू शकत नाही." दादा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, डोळे घट्ट मिटून बसले. मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांना खाली बसणंही त्या दिवसांत अवघड होतं. त्यांनी दादांना हात लावला नाही, हलवलं नाही. मी चहा ठेवला, तो निवला. बाहेर अंधार पडला. मी दिवा लावला.

शेवटी दादांनी एक डोळा किंचित उघडून पाहिलं, ही अजून बसली आहे का. मॅडम त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी पोटावर हात ठेवला. मग डोक्यावर इरलं घेतलं, पुढचा पावसाळा. मग कानांमागच्या दोन वेण्या, आणि दोन्ही हातांनी एक अदृश्य चादर पायापासून वर ओढत नेऊन स्वतःच्या तोंडावर घेतली. आई गेली तेव्हा घरात झालेला हा शब्द होता.

दादांनी पुन्हा डोळे मिटले नाहीत. त्यांनी बराच वेळ बहिणीच्या पोटाकडे पाहिलं. मग ते बोलले, आणि सावकाश बोलले, म्हणून मलाही कळलं. वेण्या नाहीत. मग मी कुणाशी?

मॅडमनी दातांवर बोट घासलं.

दादांनी तोंड वाकडं केलं. तिला काही येत नाही. डोक्यावर मूठ आपटून दाखवली, दगड.

मॅडम म्हणाल्या, मीही दगडच होते. तूच शिकवलंस.

दादा पुढे सरकले. मॅडमच्या रुमालाच्या दोन्ही बाजूंना, जिथे कधीकाळी वेण्या होत्या तिथे, त्यांनी चिमटीत काहीच नसलेलं काहीतरी धरलं आणि हलकेच ओढलं. मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्यापुढे ते दोघं काय बोलले ते मी पाहिलं नाही. जेवणाची वेळ टळून गेल्यावर दादा आपल्या खोलीवर गेले, तेव्हा मॅडम तिथेच, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मॅडम पावसाळ्याच्या आधीच गेल्या. त्यांच्या संशोधनाचं काम संस्थेने पुढे चालू ठेवलं. मावळातल्या मुलांसाठी त्यांनी मावळच्याच बोलीत केलेली तपासणी आज वापरात आहे, आणि तीच यंत्राची पिशवी घेऊन मी अजून गावांत जाते. लोक विचारतात, मॅडम शेवटी कशा होत्या? इस्पितळातले शेवटचे दिवस मला सांगावेसे वाटत नाहीत. मला त्या आठवतात त्या जाण्याच्या काही आठवडे आधीच्या एका सोमवारच्या.

त्यांना लोणावळ्याला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. अंगात ताकद राहिली नव्हती. रिक्षात शाल पांघरून बसल्या होत्या. मध्येच रिक्षावाल्याला म्हणाल्या, "जरा हॉटेलच्या मागच्या गल्लीतून घे."

कुंपणाची भिंत बुटकी होती. पलीकडे तारांवर पांढऱ्या चादरी लावलेल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये दादा आणि सखूमावशी उभे होते. दादा मावशींना काहीतरी सांगत होते. मावशींनी तसंच करून दाखवलं. दादांनी नकारार्थी मान हलवली, त्यांची बोटं धरली आणि एकेक करून नीट वाकवली. मावशींनी त्यांच्या हातावर चापट मारली. "आरं, दुखत्यात की माझी बोटं!" असं ओरडल्या आणि पुन्हा करून दाखवलं. या वेळी दादांची मान होकारार्थी हलली.

रिक्षावाला म्हणाला, "आवाज देऊ का त्यांना?" मग त्याला चूक कळली. "म्हंजे, जाऊन बोलवून आणू का, मॅडम?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "दोघं बोलतायत."

पलीकडे दादांनी आता मोठी गोष्ट सुरू केली होती. मला त्यातलं फार कळत नव्हतं, मावशींनाही निम्मंच कळत असावं. त्या मध्येच हाताने थांबवायच्या, दादा मागे जाऊन पुन्हा सांगायचे. मी मॅडमकडे पाहिलं. शालीच्या आत त्यांचे हात हलत होते. अगदी थोडे, कुणी तोंडातल्या तोंडात बोलावं तसे. दादा थांबले की ते हात हलायचे, दादा सुरू झाले की ते थांबायचे. भावाच्या प्रत्येक वाक्याला बहीण भिंतीच्या अलीकडून उत्तर देत होती, आणि भावाची पाठ आमच्याकडे होती.

गोष्टीच्या शेवटी दादा स्वतःच पोट धरून हसले. मावशींना विनोद कळला नाही, त्या नुसत्याच बघत राहिल्या. इकडे मॅडमचे खांदे हसण्याने हलले.

रिक्षा बराच वेळ तिथे उभी होती. मॅडमच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण त्यांचे हात मोकळे नव्हते.